मोरीपासून मारुतीपर्यंत

पुण्याहून उल्हासनगरला फिरायला कुणी जात नाही. मी जानेवारीत गेले आणि आठवडाभर राहिले. परत आल्यावर मैत्रिणींनी विचारलं, तिथं बघण्यासारखं काय आहे? अंबरनाथचं जुनं शिवमंदिर आहे, असं मी सांगितलं, आणि ते खरंच सुंदर आहे. पण माझा जास्त वेळ गेला तो बदलापूरच्या पुढच्या एका रस्त्यापायी. त्या रस्त्याला नाव नाही. चालत गेलं तर पाच-सात मिनिटांत संपतो.

उल्हासनगर, कॅम्प पाच

माझी मावशी लग्न होऊन इथं आली त्याला पंचवीसेक वर्षं झाली असतील. तिच्या घराखाली जीन्स शिवण्याचं युनिट आहे. सकाळी मशिनं सुरू झाली की जमिनीतून पायांना बारीक थरथर जाणवते. पहिल्या दिवशी मला वाटलं पाण्याचा पंप असेल. दुसऱ्या दिवसापासून ती थांबली की चुकल्यासारखं वाटायला लागलं.

समोरच्या दारात एक सिंधी आंटी राहतात. रविवारी त्यांनी दाल-पकवान पाठवलं. पकवान म्हणजे तळलेली मोठी कडक पुरी, तिच्याबरोबर चण्याची डाळ आणि वर कच्चा कांदा. आमच्याकडे सकाळी इतकं तळलेलं कुणी खात नाही. मी दोन पकवानं खाल्ली. मावशी आता आंटींशी हिंदीत, भाजीवाल्याशी मराठीत आणि कापडाच्या दुकानदाराशी दोन्हीच्या मधल्या कुठल्यातरी भाषेत बोलते. त्या भाषेत 'साईं' आणि 'माल' हे शब्द फार येतात.

मी गेले तेव्हा इमारतीसमोरचा रस्त्यावरचा दिवा गेलेला होता. आंटींनी फोनवरून तक्रार टाकली, त्यांना तक्रारीचा नंबर आला, आणि दोन-तीन दिवसांत शिडीची गाडी येऊन दिवा बदलून गेली. मला त्या सोपेपणाचं आश्चर्य वाटलं. मी पुण्यात राज्यशास्त्रात एम.ए. करते. स्थानिक स्वराज्य संस्थांवर मी इंग्रजीत पानंच्या पानं लिहू शकते, पण आमच्या भागातला नगरसेवक मी फक्त वाढदिवसाच्या फ्लेक्सवर पाहिलेला आहे.

"आंटी, नगरसेवक को नहीं बोला?" मी विचारलं.

"उसको क्या बोलने का? जाओ तो बिठाता है, चाय पिलाता है, फिर पूछता है घर में वोट कितने. फोन में शकल नहीं दिखती. अच्छा है ना?"

मला ते पटलं. अनोळखी माणसाशी बोलावं लागू नये म्हणून मी इडलीसुद्धा मोबाइलवरून मागवते.

काका, म्हणजे मावशीचे यजमान, हे ऐकून हसले. ते मूळचे बदलापूरच्या पुढच्या एका गावचे. शेतकरी घर. एरवी ते ऑफिसातलं मराठी बोलतात, पण गावाचा विषय निघाला की त्यांची भाषा बदलते. "आमचे गावान असं नाय," ते म्हणाले. "तिथं खांबाला काही विचारलंस तर तो आधी तुझ्या बापाचं नाव विचारील."

त्याच संध्याकाळी गावाहून प्रतीक्षाचा फोन आला. ती काकांच्या थोरल्या भावाची मुलगी, माझ्याच वयाची. अंबरनाथच्या एमआयडीसीत एका कारखान्यात मालाच्या तपासणीचं काम करते. काका 'हं, हं' करत ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, "मी दादापुढं बोलत नाय, तुला माहीत हाय." फोन ठेवल्यावर त्यांनी जे सांगितलं ते असं: प्रतीक्षाची पाळी दर आठवड्याला फिरते. पुढच्या सोमवारी दुसरी पाळी लागणार, म्हणजे घरी यायला रात्र. गावाच्या रस्त्यावर एक तुकडा अंधाराचा आहे. तिथं दिवा लागेपर्यंत दुसरी पाळी करायची नाही, असं तिच्या वडिलांनी सांगून टाकलं होतं. कंपनी म्हणत होती, पाळ्या फिरत्याच राहतील, जमत नसेल तर राजीनामा दे.

"तू जा तिच्याकडे," मावशी मला म्हणाली. "तुला ते पंचायतीचं बघायचंच आहे ना? दोन दिवस राहून ये. मुलीजवळ मुलगी असलेली बरी."

मी जाऊन काय करणार होते, हे मावशीने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

अंबरनाथ

पहिली पाळी सुटताना मी एमआयडीसीत कारखान्याच्या फाटकाबाहेर उभी होते. हवेत गोडसर, नेलपॉलिशसारखा वास होता. "आज वारा इकडचा आहे," प्रतीक्षा आल्या आल्या म्हणाली, जणू घरात पसारा असल्याबद्दल माफी मागत होती. ती बारीक, उंच, भरभर बोलणारी. आम्ही कोपऱ्यावर वडापाव खाल्ला. चटणी इतकी तिखट होती की माझं बोलणं बंद झालं. ते तिला सोयीचंच पडलं.

"काही झालेलं नाही, आधी सांगते," ती म्हणाली. "मागच्या दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात एकदा एक बाइक दिवा बंद करून माझ्या मागनं हळूहळू आली. मारुतीपाशी आले तशी ती वळून गेली. बस. मी घरी येऊन सांगितलं, ही माझी चूक."

"सांगणं चूक कसं?"

"तू पप्पांना ओळखत नाहीस. ते ओरडत नाहीत. एकदाच बोलतात आणि मग ते तसंच राहतं."

वेळ होता म्हणून ती मला शिवमंदिर दाखवायला घेऊन गेली. काळ्या दगडाच्या भिंतीवर इंचभर जागा कोरल्याशिवाय सोडलेली नाही. गाभारा खाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं, आणि आत गारवा असतो. बाहेर काही मुलं रील करत होती. प्रतीक्षाने चप्पल घालता घालता घड्याळ पाहिलं आणि म्हणाली, "चल, ऑफिस उघडं आहे तोवर नगरपालिकेत जाऊ."

त्यांच्या गावाला ज्या नगरपालिकेची हद्द लागते, तिथल्या दिवाबत्तीच्या टेबलावर एक मध्यमवयीन गृहस्थ होते. त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं आणि सगळं ऐकून घेतलं. मग उठून भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली.

"मोरीपर्यंत आमचं," ते म्हणाले. "मोरीच्या पुढं आम्हाला काही करता येत नाही."

माझ्या डोळ्यांसमोर आजीच्या घरातली मोरी आली: तांब्या, बादली, कोपऱ्यात भांडी. एका नगरपालिकेची हद्द कुणाच्या तरी न्हाणीघरापाशी संपते, हे मी मनाशी मान्यही करून टाकलं होतं. बाहेर आल्यावर मी प्रतीक्षाला विचारलं की ती मोरी कुणाच्या घरातली. ती जिन्यातच खाली बसली. हसू आवरल्यावर तिने समजावलं की रस्त्याखालून ओढ्याचं पाणी जायला जो छोटा पूल असतो, तोही मोरीच.

ती हसली ते बरं झालं, कारण मिळालेलं उत्तर हसण्यासारखं नव्हतं. मोरीच्या अलीकडे नगरपालिका. मारुतीच्या देवळापासून पुढे ग्रामपंचायत. मधला तुकडा पाण्याच्या मोठ्या पाइपलाइनच्या पट्ट्यात येतो. त्या पट्ट्यात यांना खांब पुरता येत नाही आणि त्यांनाही. पाइपवाल्यांचं काम पाणी नेण्याचं, दिवे लावण्याचं नाही. टेबलावरचे गृहस्थ निरोप देताना म्हणाले होते, "उद्या सव्वीस जानेवारी. तुमच्याकडे ग्रामसभा असेल. तिथं मांडून बघा. आमच्याकडे असं उभं राहून मागता येत नाही, तुमच्याकडे येतं." ते टोमणा मारत नव्हते. मला तर ते थोडे हेव्याने बोलल्यासारखे वाटले.

बदलापूरच्या पुढे

रिक्षा नाक्यावर सोडते. तिथून आम्ही चालत निघालो तेव्हा सात वाजत आले होते. नगरपालिकेचा शेवटचा दिवा मोरीच्या कठड्यावर पडतो. त्याच्या पुढे उजव्या हाताला माणसाच्या उंचीचा पाइप, डाव्या हाताला वालाची शेतं, आणि वर काहीच नाही. पाइपमधून पाणी वाहताना एक सतत घुमणारा आवाज येतो, त्यामुळे मागून कुणी येत असेल तर कळत नाही. लांबवर मारुतीच्या देवळातला बल्ब दिसतो. प्रतीक्षा एरवी भरभर बोलते, इथं ती भरभर चालली.

घरी तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि सुकटीची चटणी होती. मोठ्या काकांनी, म्हणजे प्रतीक्षाच्या वडिलांनी, माझी विचारपूस केली, पुण्यात पाणी किती वेळ येतं ते विचारलं, आणि नंतर मुकाट जेवले. त्यांना ओरडताना कुणी पाहिलं नसेल, हे मला पटलं. जेवण झाल्यावर प्रतीक्षा म्हणाली, "पप्पा, उद्या मी सभेत बोलणार आहे."

"बोल," ते म्हणाले. "सगले ऐकतील. मग सगले बोलतील. ते तुला ऐकाया लागंल."

सकाळी शाळेत झेंडावंदन झालं, जिलेबी वाटली, आणि शाळेच्याच व्हरांड्यात ग्रामसभा भरली. डावीकडे सतरंजीवर बायका, उजवीकडे खुर्च्यांवर आणि खांबांना टेकून पुरुष. मी बायकांच्या मागे बसणार तेवढ्यात पंचायतीच्या शिपायाने मला पुढे नेलं, टेबलाजवळच्या खुर्चीवर बसवलं आणि हातात गुलाब दिला.

"मॅडम पंचायत समितीतनं आल्यात," तो ग्रामसेवकांना म्हणाला.

"मी नाही," मी म्हणाले.

"बसा, बसा," ग्रामसेवक म्हणाले. "कुणीतरी येणार याची कल्पना होती."

इस्त्रीचा कुर्ता, खांद्याला पर्स आणि न बोलणारी बाई म्हणजे अधिकारी, असा त्यांचा हिशोब असावा. मी पुन्हा सांगायला तोंड उघडलं तर माइक सुरू झाला. मागे प्रतीक्षा ओढणीत तोंड खुपसून हसत होती.

सरपंच कविताताई पस्तिशीच्या आहेत. त्यांनी डोक्यावर पदर घेतला होता, कारण त्यांचे सासरे समोरच बसले होते. सासरे म्हणजे तात्या, बरीच वर्षं सरपंच राहिलेले. गावात अजूनही लोक 'सरपंच' म्हणून हाक मारतात तेव्हा आधी तेच वळतात, असं मला नंतर कळलं. कविताताई कागद वाचताना ठणठणीत वाचत होत्या. तात्यांनी काही विचारलं की मात्र त्या जमिनीकडे बघून उत्तर देत.

गटाराचा आणि शाळेच्या पत्र्याचा विषय झाल्यावर प्रतीक्षा उभी राहिली.

"मोरीपासून मारुतीपर्यंत दिवा पाहिजे."

"कोनाला पाहिजे?" खांबाला टेकलेल्या एकाने विचारलं.

"मला."

"किती वाजता?"

हशा झाला. आणि मग दिवा बाजूलाच राहिला. कंपनीत मुली नक्की काय करतात, पाळी बदलून का मिळत नाही, गावातल्या बाकीच्या मुली कशा घरी बसून क्लास घेतात, लग्नाचं कुठवर आलंय. कॅम्प पाचमधल्या आंटी रात्री कुठं जातात, हे दिवा बदलणाऱ्यांनी विचारलं नव्हतं. इथं अर्धा तास सगळे तेवढंच विचारत होते. कुणी वाईट बोललं नाही. सगळे तिला लहानपणापासून ओळखत होते, हीच अडचण होती. माझी खुर्ची पुढे असल्याने मला मोठे काका सरळ दिसत होते. ते स्वतःच्या चपलांकडे बघत बसले होते.

शेवटी तात्या बसल्या जागेवरून म्हणाले, "कशाला पायजे एवढं? पोरीचे जातीनं दिवेलागनीचे आत घरान यावं. आमचे टायमाला तसंच होतं."

"मी येते ना, तात्या," प्रतीक्षा म्हणाली. "पण आपल्या रस्त्यावर दिवेच लागत नाहीत. मग दिवेलागण झाली ते मला कळायचं कसं?"

पहिल्यांदा बायका हसल्या. मग पुरुषांतली मुलं. तात्यांनी मिशीवरून हात फिरवला. "तोंड लय चालतं हिचं."

"तोंडाला तरी उजेड हाय," सतरंजीवरच्या एक म्हाताऱ्या आजी म्हणाल्या. "रस्त्याला तो पन नाय."

ग्रामसेवकांनी घसा साफ केला. मधला पट्टा पंचायतीचा नाही, तिथं खांब पुरला तर ऑडिटला आक्षेप निघेल, असं त्यांनी सांगितलं आणि मान माझ्याकडे वळवली. "काय मॅडम, बरोबर ना?"

माइक माझ्यासमोर आला. तो शिट्टी वाजवून थांबेपर्यंत मी उभी राहिले होते.

"मी अधिकारी नाही," मी म्हणाले. "मी प्रतीक्षाकडे पाहुणी आलेय."

एवढा मोठा हशा माझ्यामुळे याआधी कधी झाला नव्हता. "शिपाई, गुलाब परत घे," कुणीतरी ओरडलं. मी खाली बसले. कविताताई इतक्या हसल्या की त्यांचा पदर खांद्यावर आला, आणि तो तसाच राहू देऊन त्यांनी ग्रामसेवकांना विचारलं, "भाऊ, खांब मारुतीपाशी आपले हद्दीन पुरला, आन् दिव्याचं तोंड मोरीकडं केलं, तं?"

ग्रामसेवक विचारात पडले. "खांबाला हद्द आहे," ते सावकाश म्हणाले. "उजेडाची हद्द कुठं लिहिलेली नाही."

"आन् तिकडनं नगरपालिकेला पत्र द्या. त्यांचे शेवटचे दिव्याचं तोंड इकडं करा म्हनावं."

"म्हंजे बिल आपला आन् उजेड पाइपाला?" तात्यांनी विचारलं.

कविताताईंनी जमिनीकडे पाहिलं नाही. "मामा, सभेत बोलायचं असंल तं हात वर करून बोला."

मला त्या वेळी नीट कळलं नाही, पण एका सुनेने पूर्ण गावासमोर हे म्हणणं म्हणजे काय, ते बायकांच्या चेहऱ्यांवर वाचता येत होतं. तेवढ्यात ग्रामसेवक, मान खाली घालून लिहिता लिहिता, त्यांच्या ठरलेल्या क्रमाने पुढे गेले. "ठराव. सूचक, प्रतीक्षा. अनुमोदक कोण?"

अनुमोदक हा शब्द मी तिथं शिकले. एकाने ठराव मांडायचा, दुसऱ्याने त्याला पाठिंबा देऊन आपलं नाव लावायचं. तो दुसरा मिळाला नाही तर ठराव पुढे सरकत नाही. कुणी हलेना. तात्यांशी वैर कोण घेणार? मोठे काका तसेच बसले होते.

आणि तात्यांनी हात वर केला. त्यांना बोलायचं होतं. सुनेने सांगितलं होतं, बोलायचं तर हात वर करा, म्हणून त्यांनी केला. ग्रामसेवकांनी मान वर करून तो हात पाहिला.

"तात्यांचं अनुमोदन," ते म्हणाले आणि लिहू लागले.

तात्यांचा हात वरच राहिला. त्यांनी सुनेकडे पाहिलं. कविताताई त्यांच्याकडेच बघत होत्या. नाही म्हटलं असतं तर नियमाने वर केलेला हात खाली घ्यावा लागला असता, तोही सुनेसमोर आणि बायकांच्या हसण्यासमोर. सतरंजीवर हसू दाबलेलं ऐकू येत होतं. तात्यांनी पुन्हा मिशीवरून हात फिरवला.

"लिव," ते म्हणाले. "पन नाव पुरा लिव. बापाचे नावासकट."

मग बाकीचे हात वर झाले. खांबाला टेकलेल्या माणसाचाही झाला.

घरी जाताना प्रतीक्षा, मोठे काका आणि मी मारुतीवरून गेलो. ठराव झाला होता, दिवा लागला नव्हता. आता अंदाजपत्रक होणार, मंजुरी येणार, वीज कंपनीकडून जोडणी मिळणार. सोमवार चार दिवसांवर होता आणि मोठे काका एकदा बोलले की ते तसंच राहतं.

देवळापाशी ते थांबले. त्यांनी मोरीच्या दिशेने पाहिलं, भर दुपारी, उन्हात.

"सोमवारी किती वाजता जायाचंय?" त्यांनी विचारलं.

प्रतीक्षाने त्यांच्याकडे पाहिलं. "तुम्ही म्हणाला होता, दिवा लागेपर्यंत..."

"म्हनलो होतो." ते चालायला लागले. "पन आता सगले गावानं हात वर केलाय. तात्यानं बापाचं नाव लावलंय. तूच नाय गेलीस, तं दिवा लावायचा कोनासाठी?"

सोमवारी मी पुण्याला निघाले. दुपारी प्रतीक्षाचा मेसेज आला: 'गेटवर आहे. फोन जमा करतेय.' खांब हे लिहीपर्यंत आलेला नाही. तिच्या दुसऱ्या पाळीचे आठवडे मात्र येतात आणि जातात. त्या आठवड्यांत मोठे काका बॅटरी घेऊन मोरीच्या कठड्यावर बसतात. अलीकडे तात्याही तिथं येतात, असं ती सांगते. दिव्याचं तोंड कुठं करायचं ते बघायला आलोय, म्हणतात.